एकाच नावाचे दोन नट: पडद्यावरचं नाव ठरवण्याचं एक प्रकरण

मी कास्टिंगमध्ये काम करते. ऑडिशनचे व्हिडिओ मागवायचे, बघायचे, त्यातले चांगले निवडून डिरेक्टरपुढे ठेवायचे, हे रोजचं काम. त्यामुळे नवीन मुलंमुली हमखास विचारतात की ताई, नाव बदलू का, आणि दहातल्या आठ-नऊ जणांना मी सरळ नको म्हणून सांगते. हे प्रकरण मात्र अशा मुलाचं आहे ज्याला नाव बदलणं भागच होतं. सविस्तर लिहितेय कारण या निर्णयात जेवढ्या अडचणी येऊ शकतात त्या जवळपास सगळ्या याच्या वाट्याला आल्या. लिहायला त्याची परवानगी आहे. त्याचं जुनं नाव इथे देत नाहीये, कारण त्याच नावाचा दुसरा नट काम करतोय आणि त्याचा यात काडीचाही दोष नाही. आणि नवीन नावही देत नाही, त्यावरून जुनं लगेच सापडेल.

तर मुलगा पंचविशीतला. नाटकातून आलेला, दोन शॉर्टफिल्म आणि एका वेबसिरीजमध्ये एक छोटा रोल एवढं काम झालेलं. पहिलं नाव अगदी कॉमन, आडनावही कॉमन. दुसरा नट त्याच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, सिरियलमध्ये सतत दिसणारा, लोक चेहऱ्याने ओळखतात असा. दोघांचं पहिलं नाव तेच, आडनाव तेच, आणि इंग्रजी स्पेलिंगसुद्धा अक्षर न अक्षर तेच.

घडलं असं की या मुलाने एका सिरीजसाठी बऱ्यापैकी मोठ्या सपोर्टिंग रोलची ऑडिशन दिली, ती आवडली, शॉर्टलिस्टमध्ये नाव गेलं. व्हिडिओच्या फाइलला त्याने फक्त स्वतःचं नाव दिलं होतं, बाकी काही नाही. पुढे लुक टेस्टसाठी, म्हणजे मेकअप-कपडे करून भूमिकेत कसा दिसतो ते बघायला, बोलवायची वेळ आली तेव्हा तिथल्या असिस्टंटने फोनमध्ये ते नाव टाकलं, सेव्ह केलेला नंबर आला, मेसेज गेला. तो नंबर मोठ्या नटाचा. त्याला वाटलं आपल्यालाच विचारतायत, त्याने सभ्यपणे कळवलं की त्या तारखांना मी दुसरीकडे अडकलोय. झालं, शॉर्टलिस्टवर त्या नावापुढे 'डेट्स नाहीत' अशी नोंद पडली आणि रोल तिसऱ्यालाच गेला. आमच्या मुलाला हे कळलं कधी, तर बऱ्याच दिवसांनी त्याने धीर करून फोन केला आणि विचारलं की माझं काही झालं का, तेव्हा समोरचा म्हणाला, अरे तूच तर नाही म्हणालास ना!

इथे कोणी मुद्दाम काही केलेलं नाही. कास्टिंगच्या घाईत एका रोलला शेकडो व्हिडिओ येतात, आणि माणूस आम्हाला आधी फाइलच्या नावातूनच भेटतो, चेहरा त्यानंतर. म्हणून मी या प्रकरणाला 'नाव शोभत नाही' या प्रकारात कधीच धरलं नाही. नाव चांगलंच होतं त्याचं. फक्त त्या नावाने हाक मारली की दुसराच माणूस ओ देत होता.

आता असं झालेला हा काही पहिला नाही. जिथे कलाकारांची युनियन मजबूत आहे तिथे हा प्रश्न नोंदणी करतानाच समोर येतो. ब्रिटनमधली इक्विटी एकाच नावाचे दोन सभासद घेत नाही, आणि अमेरिकेतल्या स्क्रीन ॲक्टर्स गिल्डचं, म्हणजे 2012 पासूनच्या सॅग-आफ्ट्राचं, धोरणही तसंच. मायकल कीटनचं जन्माचं नाव मायकल डग्लस, पण मायकल डग्लस आधीच होता म्हणून तो कीटन झाला. मायकल जे. फॉक्सच्या नावात 'जे' कुठेच नव्हता, त्याचं मधलं नाव अँड्र्यू, पण मायकल फॉक्स नोंदलेला होता आणि 'मायकल ए. फॉक्स' त्याला आवडेना, म्हणून मायकल जे. पोलार्ड या नटावरून त्याने 'जे' उचलला. डेव्हिड टेनंट मुळात डेव्हिड मॅकडोनाल्ड, इक्विटीत ते नाव गेलेलं म्हणून पॉप सिंगर नील टेनंटचं आडनाव घेतलं. तामिळमध्ये शिवाजी गणेशन एवढा मोठा नट असताना शिवाजीराव गायकवाड नावाचा नवा मुलगा आला तेव्हा दिग्दर्शक के. बालचंदर यांनी 1975 च्या पहिल्याच सिनेमात त्याला रजनीकांत करून टाकलं, आणि गंमत म्हणजे गणेशन यांचं 'शिवाजी' पण जन्माचं नव्हतं, नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका केली त्यावरून ते चिकटलेलं. अलीकडचं उदाहरण कियारा अडवाणीचं, मूळची आलिया, पण आलिया भट आधीच पडद्यावर होती.

या सगळ्यांचं एक बरं झालं की त्यांना सुरुवातीलाच कोणीतरी अडवलं, टेबलापलीकडून सांगितलं की हे नाव गेलंय, दुसरं आणा. जिथे अशी यादी कोणी काटेकोर ठेवत नाही तिथे अडवायला कोणीच नसतं, आणि मग मुलाला हे कळतं ते काम हातातून गेल्यावर. म्हणून माझं नवीन मुलांना एकच सांगणं असतं की पहिलं क्रेडिट मिळायच्या, म्हणजे पडद्यावर नाव यायच्या, आधी स्वतःचं नाव सर्च करून बघा. नट म्हणून करा, नाव आणि पुढे 'ॲक्टर' टाकून, आणि आयएमडीबी या सिनेमा-सिरियलच्या माहितीच्या वेबसाइटवर पण बघा, तिथे एकाच नावाची अनेक माणसं असली की रोमन आकडे लावून वेगळी केलेली असतात. तुमच्या नावाला आधीच तीन-चार आकडे लागलेले दिसले तर समजून जा.

त्याने आणलेली यादी

पहिल्या भेटीला तो एक यादीच घेऊन आला. कबीर सागर, रुद्र राजवीर, आर्यमन, विहान देव, असली नावं. सगळी ऐकायला छान, आणि सगळी एकमेकांसारखी. मी त्याला विचारलं की ही कुठून आली, तर म्हणाला नेटवर शोधली, अर्थ बघून, शिवाय हिरोचं नाव वाटलं पाहिजे ना.

मला इथे जरा स्पष्ट बोलावं लागलं. हा मुलगा हिरो-टाइप नाही, आणि तीच त्याची मोठी जमेची बाजू आहे. त्याचा चेहरा आपल्या ओळखीच्या कोणाचा तरी वाटतो, बँकेतला माणूस, धाकटा काका, वर्गातला मागच्या बाकावरचा मुलगा. अशा चेहऱ्यांना काम भरपूर असतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. त्याच्या व्हिडिओवर रुद्र राजवीर असं नाव असेल तर फाइल उघडायच्या आधीच माझ्या डोक्यात सहा फुटी, जिममधला माणूस उभा राहणार आणि समोर हा दिसला की पहिले दोन सेकंद माझे ते चित्र पुसण्यातच जाणार. ऑडिशनमध्ये ते दोन सेकंद फार महाग पडतात. नाव चेहऱ्याच्या पुढे धावू नये असं माझं ठाम मत आहे, नाव साधं असलं तर चेहरा ते भरून काढतो.

दुसरा मुद्दा त्या नावाला मान वळण्याचा. एमा स्टोनचं खरं नाव एमिली, आणि गिल्डमध्ये एमिली स्टोन आधीच होती. तिने सुरुवातीला रायली स्टोन हे नाव घेतलं. एका सिरियलमध्ये पाहुणी म्हणून काम करताना सेटवर रायली, रायली म्हणून हाका चालल्या होत्या आणि हिच्या लक्षातच येईना की आपल्यालाच बोलावतायत, हे तिने स्वतःच सांगितलंय. मग ती एमा झाली, जे एमिलीच्या अगदी शेजारचं. मी हा किस्सा मुलाला सांगितला आणि म्हटलं, तुझ्या यादीतल्या एकाही नावाला तू सेटवरच्या गोंधळात, पाठमोरा उभा असताना, ओ देणार नाहीस.

तो हसला नाही, विचार करत बसला. मग म्हणाला, ताई, खरं सांगू का, मला माझं पहिलं नाव सोडायचंच नाहीये. आई त्या नावाने हाक मारते. मला वाटलं बदलायचं म्हणजे सगळंच बदलावं लागतं.

हे बोलणं ऐकून माझ्या दृष्टीने निम्मं काम झालं. गोंधळ पूर्ण नावाचा होता, पहिल्या नावाचा नव्हता. त्या पहिल्या नावाचे नट ढिगाने आहेत आणि त्याने कोणाचं काही बिघडत नाही. म्हणजे हात लावायचा तो फक्त आडनावाला.

आडनावाच्या जागी काय

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मधलं अक्षर. नाव तेच, मध्ये वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर. त्याच्या घरच्यांना हेच हवं होतं कारण आडनाव जागेवर राहतं. पण माझा अनुभव असा की ते मधलं अक्षर फक्त कागदावर राहतं, तोंडात कोणी घेत नाही. फोनमध्ये सेव्ह करताना गाळतात, बोलताना तर गाळतातच. व्हेनेसा विल्यम्स नावाच्या दोन अमेरिकन अभिनेत्री आहेत, त्यातली एक मधला 'एल' लावते. 'सोल फूड' या 1997 च्या सिनेमात एक होती आणि त्याच सिनेमावरून पुढे जी सिरीज निघाली त्यात दुसरी! आता सांगा, नुसत्या एका अक्षराने लोकांचा गोंधळ किती टळला असेल. मायकल बी. जॉर्डनचं जमलं, कारण दुसरा मायकल जॉर्डन बास्केटबॉलचा आहे, ऑडिशनच्या यादीत त्या दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नाही. इथे दोघंही नट, दोघंही त्याच भाषेत काम करणारे. मधलं अक्षर आम्ही लगेच सोडलं.

मग स्पेलिंग बदलायचा विषय निघाला, कोणीतरी त्याला सांगितलं होतं की एक जास्तीचा 'ए' टाक, अंकशास्त्राचे आकडेही जुळतील. आकड्यांवर ज्याची श्रद्धा आहे त्याची श्रद्धा मला मान्य आहे, त्यावर मी वाद घालत नाही. पण आपला प्रश्न वेगळा होता. बोलताना जास्तीचा 'ए' ऐकू येत नाही, आणि फोनवर नाव ऐकणारा माणूस नेहमीचंच स्पेलिंग लिहिणार, म्हणजे सर्चमध्ये पुन्हा मोठा नटच येणार. इरफान यांच्या नावातला जादा 'आर' किंवा अजय देवगण यांच्या आडनावातून गेलेला 'ए' लोकांनी सांभाळून घेतला कारण तोवर ते ओळखीचे झालेले होते. अनोळखी मुलासाठी लोक एवढं लक्षात ठेवत नाहीत.

फक्त पहिलं नाव ठेवून आडनाव टाकून द्यायचं, असंही एकदा बोललो. एकेरी नावाला रुबाब आहे हे खरं, पण इतक्या कॉमन नावाला सर्चमध्ये हजारो माणसं येणार आणि शिवाय जिथे तिथे फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जुन्या सिनेमांमध्ये नुसतं 'सुलोचना' दिसलं की आजही थांबून बघावं लागतं की सायलेंट सिनेमाच्या काळातल्या रूबी मायर्स, ज्या सुलोचना या नावाने स्टार होत्या, की आपल्या सुलोचनादीदी. दोघीही इतक्या मोठ्या, तरी हे होतं.

मग आम्ही घरातल्या नावांकडे वळलो आणि मला स्वतःला हाच रस्ता सगळ्यात जास्त पटतो. डायन कीटन मुळात डायन हॉल, पण युनियनमध्ये एक डायन हॉल होती म्हणून तिने आईचं माहेरचं आडनाव घेतलं. ज्युलिअन मूरचं नाव ज्युली ॲन स्मिथ, त्याचे सगळे प्रकार आधीच गेलेले होते, तर तिने ज्युली आणि ॲन जोडून एक केलं आणि वडिलांचं मधलं नाव मूर हे आडनाव म्हणून लावलं. नॅटली पोर्टमनचं पोर्टमन आजीकडून आलंय. बेन किंग्जली मूळचे कृष्णा भानजी, त्यांचं किंग्जली आजोबांच्या टोपणनावावरून. घरातल्या नावाचं बरं असतं की ते उसनं वाटत नाही, मुलाखतीत कोणी विचारलं तर सांगायला खरी गोष्ट असते, आणि दहा वर्षांनी त्याची लाज वाटायची शक्यता फार कमी. ट्रेंडमधल्या नावांचं तसं नाही, ती कपड्यांसारखी जुनी होतात.

त्याने आधी आईचं माहेरचं आडनाव धरलं. भावनेच्या दृष्टीने त्याला ते फार जवळचं, आईनेच त्याला नाटकात घातलेलं. पण त्या आडनावात 'ळ' होता. मराठी माणसाला काहीच वाटत नाही, पण इंग्रजीत लिहिलं की तो 'ल' होतो, अमराठी माणूस ते भलतंच वाचतो, आणि कास्टिंगचा अर्धा व्यवहार इंग्रजी अक्षरांत चालतो. 'ज्ञ' चंही असंच आहे, ज्ञानेश नावाचं स्पेलिंग बघून बाहेरचे लोक पहिल्या अक्षरालाच अडखळतात. मी म्हटलं आपण अंदाज बांधत बसू नको, करून बघू.

आणि ही टेस्ट मी आता सगळ्यांना करायला सांगते. आम्ही ओळखीतल्या काही जणांना, त्यातले निम्मे अमराठी, साधा फोन केला. सांगायचं एवढंच की अमुक अमुक नावाच्या माणसाचा निरोप आहे, नाव इंग्रजीत लिहून घ्या आणि मला मेसेज करा. नाव एकदाच उच्चारायचं, स्पेलिंग विचारलं तरी सांगायचं नाही. फोन शक्यतो रस्त्यावरून करायचा, मागे गाड्यांचा आवाज असताना, कारण प्रत्यक्षात तो तसाच होतो. आईच्या आडनावाची उत्तरं आली ती बघून त्याचा चेहरा पडला, कोणी 'आर' लिहिला होता, कोणी 'एल', कोणी दोन 'एल', एकाने तर शेवटची दोन अक्षरं गाळूनच टाकली होती. एकाही स्पेलिंगवरून सर्च केलं असतं तर हा सापडला नसता.

दोन दिवस तो गप्प होता. मग त्याचा मेसेज आला, ताई, बाबांचं नाव लावलं तर?

म्हणजे पहिलं नाव स्वतःचं आणि आडनावाच्या जागी वडिलांचं पहिलं नाव. वडिलांचं नाव जुन्या वळणाचं, तीन अक्षरी, जोडाक्षर नाही, 'ळ' नाही, आजकालच्या मुलांमध्ये कोणाचं नसतं पण ऐकलेलं सगळ्यांनी असतं. फोनच्या टेस्टमध्ये जवळजवळ सगळ्यांनी एकसारखं लिहिलं, फरक पडला तो एका स्वराचा, आणि त्या दोन्ही स्पेलिंगने सर्च केलं तरी त्या जोडीचा नट कोणी नव्हता. मग त्याला मी ते ऑडिशनच्या स्लेटला बोलतात तसं बोलायला लावलं. स्लेट म्हणजे व्हिडिओच्या सुरुवातीला कॅमेऱ्यात बघून नाव, वय, उंची सांगायची आणि मग दोन्ही बाजूंचा चेहरा दाखवायचा. जुन्या नावाने स्लेट देताना तो नेहमी आडनाव गिळायचा, हे मला त्याचे जुने व्हिडिओ बघताना दिसलं होतं, बहुतेक त्या गोंधळाचं ओझं असावं. नवीन नाव पहिल्या वेळी अडखळत आलं, पण नंतर नंतर शेवटचं अक्षर नीट खाली ठेवून बोलायला लागला. ऐकून मला वाटलं, हे टिकेल.

बाबांचं म्हणणं

मला वाटलं होतं वडील खूश होतील. उलट झालं. त्यांचं म्हणणं असं की माझं नाव लावतोस ते ठीक, पण आडनाव काढतोस. थोरल्याचं आडनाव एक आणि धाकट्याचं दुसरं, लोक विचारतील. आणि पुढे जे म्हणाले ते मला फार लागलं, की आपल्या आडनावाची तुला लाज वाटते का.

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाहीये. जगभर नटांनी आडनावं बदलली त्यामागे अनेकदा हेच होतं, की आडनावावरून माणूस कुठला, कोणत्या समाजाचा हे कळतं आणि दारं बंद होतात. कृष्णा भानजी या नावाने काम मिळणं अवघड जाईल असं वाटल्यामुळे ते बेन किंग्जली झाले हे त्यांनी स्वतः सांगितलंय. युसूफ खान यांना देविका राणी यांनी दिलीप कुमार हे नाव सुचवलं, 1944 साली त्यांचा पहिला सिनेमा त्याच नावाने आला. म्हणजे वडिलांच्या मनात जी शंका आली ती हवेतून आलेली नव्हती. मी मुलाला सांगितलं की युक्तिवाद करू नकोस, तो 'डेट्स नाहीत' वाला मेसेज त्यांना दाखव आणि गप्प बस.

त्याने दाखवला. त्यांना तोपर्यंत कोणी नीट सांगितलंच नव्हतं की नक्की काय झालं, त्यांना वाटत होतं हे सिनेमावाल्यांचं फॅड आहे. मेसेज वाचून ते म्हणाले, मग त्या दुसऱ्याने का बदलू नये. मुलगा म्हणाला, बाबा तो आधी आला. यावर ते तयार झाले, पण एक अट घातली, की कागदोपत्री आडनाव बदलायचं नाही. ती अट मला अगदी योग्य वाटली, तसंही मी तेच सांगणार होते.

कारण पडद्यावरच्या नावासाठी कायद्याने नाव बदलायची बहुतेक वेळा गरजच नसते. करारात जन्माचं, ओळखपत्रावरचं नाव लिहायचं आणि पुढे एका ओळीत की हे अमुक नावाने व्यवसाय करतात, आणि क्रेडिटच्या कलमात पडद्यावर कोणतं नाव कोणत्या स्पेलिंगने यायचं ते स्वतंत्र लिहून घ्यायचं. हे क्रेडिटचं कलम नवीन मुलं वाचतच नाहीत, आणि मग जुनं नाव पडद्यावर आलं की रडत बसतात. पैसे येतात ते बँकेतल्या खऱ्या नावावर, टॅक्स त्याच नावावर, पासपोर्ट तोच. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही ती म्हणजे तिकिटं. आउटडोअर शूटची विमानाची तिकिटं काढणारा माणूस कॉलशीटवरचं, म्हणजे शूटच्या दिवसाच्या वेळापत्रकावरचं, नाव बघून तिकीट काढतो, आणि विमानतळावर ओळखपत्राशी ते जुळत नाही. म्हणून काम पक्कं झाल्या दिवशीच प्रॉडक्शनला ओळखपत्राचा फोटो पाठवून लिहायचं की तिकीट आणि हॉटेल या नावाने, कॉलशीट आणि क्रेडिट त्या नावाने.

नाव पक्कं करायच्या आधी आणखी एक काम मी त्याला आवर्जून करायला लावलं, मोठ्या नटाला मेसेज. त्याने लिहिलं की दादा, आपलं नाव एकच आहे, माझ्यामुळे तुम्हालाही चुकीचे मेसेज येत असतील, मी अमुक नावाने काम करणार आहे, जुन्या नावाने माझ्यासाठी काही आलं तर माझा नंबर द्याल का. त्याचं उत्तर लगेच आलं आणि फार छान आलं, आणि त्यानंतर दोन-तीन ऑडिशनचे मेसेज त्याने स्वतःहून इकडे पाठवले. एवढी माणुसकी सगळीकडे मिळेलच असं नाही, पण विचारायला काही लागत नाही.

बदल लोकांपर्यंत पोचवणं

नाव ठरवण्याइतकंच कष्टाचं काम हे आहे आणि बहुतेक मुलं इथेच ढिली पडतात. नवीन नावाने एक अकाउंट, जुन्या नावाने दुसरं, शोरीलवर, म्हणजे आपल्या कामाच्या तुकड्यांच्या छोट्या व्हिडिओवर, तिसरंच, असं अर्धवट ठेवलं की गोंधळ दुप्पट होतो. आम्ही एक दिवस ठरवला आणि त्या दिवशी सगळं एकदम बदललं: सगळ्या सोशल मीडियाचे हँडल एकसारखे, मध्ये आकडे नाहीत, अंडरस्कोअरची रांग नाही, शोरीलची पहिली आणि शेवटची पाटी, फोटोंच्या फाइल्सची नावं, ईमेल, आणि व्हॉट्सॲपवरचं नाव. मग ज्या ज्या कास्टिंगवाल्यांना त्याने कधी ऑडिशन दिली होती त्या सगळ्यांना एकच मेसेज, सोबत चेहरा स्पष्ट दिसणारा एक फोटो, की मी अमुक, आधी तमुक नावाने काम करत होतो, कृपया नंबर नवीन नावाने सेव्ह करा. फोटो फार महत्त्वाचा, आम्हाला माणसं चेहऱ्याने आठवतात. व्हिडिओच्या फाइलचं नाव आता तो असं देतो की आधी नवीन नाव, मग वय, उंची आणि शेवटी फोन नंबर. नुसती एवढी सवय आधी असती तर तो मेसेज योग्य माणसाला गेला असता असं मला राहून राहून वाटतं, निदान नंबर तरी समोर दिसला असता.

जुन्या कामांचं काय, हा प्रश्न राहतोच. आयएमडीबीवर एकाच पानावर जुनी आणि नवी क्रेडिट्स ठेवता येतात, जुन्या कामापुढे 'या नावाने' अशी नोंद दिसते, त्यामुळे आधीचं काम वाया जात नाही. वेबसिरीजमध्ये जे नाव एकदा आलं ते आलं, त्यात आता बदल होणार नाही. पहिल्या शॉर्टफिल्मचंही तसंच. दुसऱ्या शॉर्टफिल्मचं एडिट मात्र अजून चालू होतं, डिरेक्टर त्याचाच मित्र, त्याने शेवटच्या पाट्यांमध्ये नवीन नाव घालून दिलं.

मधल्या काळात एकाने त्याला विचारलं की बदलून काम वाढलं का. मला हा प्रश्न चुकीचा वाटतो. नावाने काम मिळत नाही, अभिनयाने मिळतं आणि बऱ्याच अंशी योग्य वेळी योग्य ठिकाणी असल्याने मिळतं, नाव बदलून नशीब उघडेल असं सांगणाऱ्यांपासून मी मुलांना लांबच ठेवते. फरक पडला तो एवढाच की आता त्याचं नाव टाकलं की त्याचेच फोटो येतात, त्याचंच काम दिसतं, आणि चांगल्या ऑडिशननंतर येणारा फोन त्यालाच येतो. त्यानंतर त्याने दोन छोटे रोल केले, एकासाठी तर माझ्याच ऑफिसमधून त्याला बोलावलं होतं आणि माझ्या असिस्टंटने नवीन नाव एकदाच ऐकून बरोबर लिहिलं.

एक गोष्ट अजून बाकी आहे. दुसऱ्या शॉर्टफिल्मच्या पाट्या बदलल्या पण पोस्टर आधीच छापून झालेलं, त्यावर जुनंच नाव आहे आणि तेच पोस्टर ऑनलाइन फिरतंय. त्याने डिरेक्टरला निदान डिजिटल पोस्टर तरी बदलून दे म्हणून सांगितलंय, तो करतो करतो म्हणतोय. मी मुलाला सांगितलंय की दर आठवड्याला एकदा आठवण करत राहा, आणि पुढच्या कामाला पोस्टर छापायला जायच्या आधी नावाचं स्पेलिंग स्वतः मोठ्याने वाचून पास कर.